आठ वाजता अडकलेलं बटण

आमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका आहे. तो आईने लावलाय. बटणाची खूण घड्याळात आठ वाजता काटा असतो तिथे आली की ठिपक्याला भिडते. त्यापुढे रात्री नऊनंतर जायचं नाही, असा घरातला कायदा. अ‍ॅम्प्लिफायर बाबांचा. १९८६ साली आखातातून परत आलेल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी तो घेतला. चांदीसारखी पुढची पट्टी आणि वजन एवढं की दोन्ही हातांनी उचलावा लागतो. अजून ठणठणीत आहे.

तक्रार अशी होती की रात्री हळू आवाजात ऐकताना गायक डावीकडे सरकायचा. बहुतेक ध्वनिमुद्रणांत गायक मधोमध, तबला एका बाजूला आणि हार्मोनियम किंवा सारंगी दुसऱ्या बाजूला, असं बसवलेलं असतं. दुपारी मोठ्या आवाजात ते तसंच ऐकू यायचं. रात्री ठिपक्याच्या खाली आणलं की मल्लिकार्जुन मन्सूर उठून थेट डाव्या स्पीकरपाशी जाऊन बसायचे आणि उजवीकडची हार्मोनियम शेजारच्या घरात वाजत असल्यासारखी व्हायची. बाबा म्हणायचे, "माझाच उजवा कान गेला असेल." मग एकदा आम्ही खुर्चीच उलटी फिरवून बसलो. गायक बाबांच्या उजव्या कानात गेला आणि कान निर्दोष सुटला.

आधी मला वाटलं, बटणात कचरा बसलाय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, बटण पन्नास वेळा फिरवलं. खरखर गेली, गायक काही मध्ये आला नाही.

मग माझ्या एका इंजिनिअर मित्राने सांगितलं ते पटलं. व्हॉल्यूमच्या बटणामागे जो भाग असतो त्याला पॉट म्हणतात; त्यात एकाच दांड्यावर दोन कार्बनचे पट्टे असतात, एक डाव्या चॅनलचा, एक उजव्याचा. मध्यावर दोन्ही बऱ्यापैकी जुळतात. अगदी सुरुवातीच्या भागात मात्र पट्टा बनवताना झालेला बारीकसा फरकही मोठा होऊन दिसतो, कारण तिथे मुळात सिग्नलच चिमूटभर सोडायचा असतो. "पॉट खराब नाहीये रे," तो म्हणाला, "तुम्ही त्याला त्याच्या सगळ्यात वाईट जागी वापरताय. प्रश्न हा आहे की तुम्हाला आठच्या पुढे जाता का येत नाही?"

याचं उत्तर बाबांनी जपून ठेवलेल्या माहितीपुस्तिकेत होतं. तिच्या शेवटच्या पानावर, लाइन इनपुटपुढे लिहिलं होतं: १५० मिलिव्होल्ट, ४७ किलोओम. म्हणजे आत १५० मिलिव्होल्ट आले आणि बटण पूर्ण उघडं असलं की अ‍ॅम्प आपली सगळी ताकद लावणार. ज्या काळात हा आराखडा झाला तेव्हा समोर ट्यूनर आणि कॅसेट डेक असायचे, आणि ते काही शे मिलिव्होल्टच द्यायचे. सीडी प्लेअर १९८२ साली बाजारात आला आणि त्याचा पूर्ण आवाजाचा सिग्नल २ व्होल्टच्या घरातला. आजचे डॅकही, म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करून देणाऱ्या पेट्याही, तोच रिवाज पाळतात. २ व्होल्ट म्हणजे १५० मिलिव्होल्टच्या तेरापटीहून जास्त, डेसिबलमध्ये सांगायचं तर साडेबावीस. त्यामुळे आमच्या अ‍ॅम्पचं बटण बारावर जाईपर्यंत त्याचा दम संपलेला असायचा, पुढचा अर्धा फेरा नुसता शोभेचा. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री जे ऐकायचं ते सगळं साडेसात ते आठमध्ये कोंबलेलं.

म्हणजे सिग्नल अ‍ॅम्पमध्ये शिरण्याआधीच थोडा कमी करायचा. त्यासाठी जी वस्तू लागते तिचं नाव अ‍ॅटेन्युएटर. हा शब्द शिकून मी एका शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो.

पहिल्या दुकानात विचारलं तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता एक चकचकीत, करंगळीच्या पेराएवढा नट-बोल्टसारखा तुकडा काउंटरवर ठेवला. "किती डीबी? सहा, दहा, वीस, सगळे आहेत." मी हरखलो. हातात घेतल्यावर लक्षात आलं की दोन्ही टोकांना आटे आहेत आणि मधोमध सुई. केबल टीव्हीचा अ‍ॅटेन्युएटर, ७५ ओमचा. पुढच्या दुकानात मी शहाण्यासारखं "ऑडिओचा" असं सांगितलं. त्याने आतून एक मोठं गोल, तारेचे वेढे असलेलं बटण आणून दिलं: स्पीकरचा एल-पॅड, ८ ओम. हा स्पीकरच्या वायरमध्ये, अ‍ॅम्पच्या नंतर लागतो, म्हणजे अ‍ॅम्पमधून निघालेले वॅट उष्णता करून जाळतो. मला हवं होतं ते अ‍ॅम्पच्या आधी, जिथे वॅटचा प्रश्नच नाही. तिसऱ्या दुकानात एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "साहेब, तुम्हाला दोन रेझिस्टन्स पाहिजेत. अ‍ॅटेन्युएटर म्हणून मागाल तर कोणी देणार नाही."

त्या दिवशी मी रेझिस्टन्स घेतले नाहीत, कारण कुठले घ्यायचे ते माहीत नव्हतं. केबल टीव्हीचा एक मात्र घेतला, भिडेपोटी. तो अजून खणात आहे.

तयार वस्तू मिळत नाही असं नाही. इंग्लंडमधल्या रॉथवेलचे, अमेरिकेतल्या हॅरिसन लॅब्जचे, आरसीए पिनच्या (ऑडिओ केबलच्या टोकाला असते त्या गोल पिनच्या) आकाराचे छोटे दंडगोल मिळतात. एका बाजूने केबल खुपसायची, दुसरी बाजू अ‍ॅम्पमध्ये. मी मागवायच्या बेतात होतो. दोन गोष्टींनी हात आखडला. एक म्हणजे किंमत, टपाल आणि कस्टम्स मिळून होणारी बेरीज. आणि दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटली: आमच्या अ‍ॅम्पची आरसीए सॉकेटं चाळीस वर्षांची, नुसती रिव्हेट केलेली. त्यांच्यावर धातूचा दांडा आणि त्याच्या टोकाला जाड केबल लोंबकळत ठेवायला जिवावर आलं. शिवाय कपाटात मागे जागा चार बोटं.

पण खरा अडलेला प्रश्न होता तो किती डेसिबलचा. दहा घेणारे बरेच, बारा घेणारे काही, कोणी वीस. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज अर्धं, १२ म्हणजे पाव, २० म्हणजे दहावा हिस्सा. कानाला साधारण १० डेसिबलला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. हे सगळं कागदावर ठीक आहे. आपल्या खोलीत, आपल्या स्पीकरवर, आपल्या ऐकण्याला किती, हे कागद सांगत नाही.

ते कळायला एक फुकटची युक्ती सापडली आणि या सगळ्या उद्योगात मला तीच सगळ्यात कामाची वाटते. लॅपटॉपवर असं प्लेअर सॉफ्टवेअर घेतलं, ज्यात आवाज डेसिबलमध्ये दिसतो. लॅपटॉप डॅकला, डॅक अ‍ॅम्पला. सॉफ्टवेअरमध्ये उणे १० लावलं आणि तीन रात्री तसंच ऐकलं. बटण साडेनऊच्या आसपास जायला लागलं, गायक बराचसा मध्ये आला. मग उणे १२, मग उणे २०. विसाला बटण बाराच्या पुढे गेलं आणि बाबांची एक जुनी, मुळातच दबक्या आवाजात छापलेली सीडी लावली तर तीनपर्यंत नेऊनही मैफल रंगेना. उणे १२ ला बटण रात्री सव्वादहा-साडेदहावर, दुपारी अकराच्या खुणेपुढे, आणि दबक्या सीडीसाठीही वर जागा शिल्लक. बारा ठरले.

इथे कोणीही विचारील की मग सॉफ्टवेअरमध्येच १२ कमी करून ठेवायचे होते. अगदी बरोबर आहे. नुसता लॅपटॉप वापरणाऱ्याने तेच करावं. १२ डेसिबल म्हणजे दोन बिट, आणि आजच्या २४ बिटच्या डॅकला दोन बिटांचं काही वाटत नाही. पण आमचा सीडी प्लेअर मुका आहे, त्याला आवाजाचं बटणच नाही. आणि लॅपटॉपचं म्हणाल तर एका रात्री अपडेटनंतर ते सेटिंग आपोआप शंभर टक्क्यांवर गेलं. तबल्याची पहिली थाप पडली तेव्हा आई झोपेतून उठून बाहेर आली होती, एवढंच सांगतो.

फरक मोजून बघावा म्हणून मीटर काढला. घरात तो पिवळा, दोन-तीनशे रुपयांचा मीटर होता. त्याच्यावर एसीची सगळ्यात लहान पट्टी २०० व्होल्टची. स्पीकरवर रात्री असतात मिलिव्होल्ट, त्यामुळे त्याने सरळ शून्य दाखवलं. मित्राकडून चांगला आणला. १०० हर्ट्झचा सपाट स्वर लावला, कारण साध्या मीटरांचा एसीचा भाग घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी असतो, फार वरच्या स्वरांवर त्यांचा भरवसा नाही. बटण ठिपक्याच्या किंचित खाली: डावीकडे २१० मिलिव्होल्ट, उजवीकडे १४०. साडेतीन डेसिबलचा फरक. बटण साडेदहावर: १०२० आणि ९८०, म्हणजे अर्ध्या डेसिबलहूनही कमी. बाबांना कागद दाखवला. त्यांनी तो घडी घालून माहितीपुस्तिकेत ठेवला.

आता रेझिस्टन्स. मांडणी सोपी आहे. एक रेझिस्टन्स सिग्नलच्या वाटेत, दुसरा त्याच्या पुढे सिग्नलपासून अर्थकडे, म्हणजे परतीच्या तारेकडे. पहिला अडवतो, दुसरा बराचसा बाहेर काढून देतो, उरलेला अ‍ॅम्पमध्ये. दोघांच्या प्रमाणावर डेसिबल ठरतात. पण प्रमाण तेच ठेवून आकडे लहान घ्यायचे की मोठे, इथे मी चुकलो. मला वाटलं, मोठे घेतले की सीडी प्लेअरवर भार कमी, म्हणून ६८ किलोओम आणि २२ किलोओम घेतले. हिशेबाने १२.२ डेसिबल. प्लास्टिकच्या एका डबीत बसवून ती सीडी प्लेअरच्या मागे ठेवली. तिथून अ‍ॅम्पपर्यंत साडेचार मीटर साधी शिल्डेड वायर, कारण सीडी प्लेअर खोलीच्या या टोकाला आणि अ‍ॅम्प त्या टोकाला.

आवाज अपेक्षेपेक्षा जास्तच कमी झाला. आणि तानपुरा मेला. म्हणजे होता, पण जवारी गेल्यासारखा. तारेवरून जो बारीक झिणझिणता धूर निघत राहतो तो नाही, नुसतं "डं". बाबांना फरक जाणवला नाही. मला जाणवला, पण मला तो जाणवून घ्यायचा होता म्हणून जाणवला का, अशीही शंका आली.

मित्राने फोनवरच दोन्ही चुका सांगितल्या. पहिली: अ‍ॅम्पचे स्वतःचे ४७ किलोओम त्या २२ ला समांतर येतात, हे मी धरलंच नव्हतं. २२ आणि ४७ समांतर म्हणजे १५. त्यामुळे बाराचे जवळजवळ पंधरा डेसिबल झाले. दुसरी: एवढ्या मोठ्या रेझिस्टन्सच्या पुढे लांब वायर आली की वायरची कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याची क्षमता) वरचे स्वर गिळते. त्याच्याच मीटरवर मोजलं, माझी वायर ९०० पिकोफॅरड निघाली. हिशेब केला तर साधारण १४ हजार हर्ट्झला तीन डेसिबलची घसरण, आणि दहा हजारालाही पावणेदोनच्या आसपास. म्हणजे शंका नव्हती, खरंच मेला होता.

"मग अगदी लहान घेऊ? ६८० आणि २२० ओम?"

"मग सीडी प्लेअरला नऊशे ओमचा भार ओढायला लावशील. त्याच्या आउटपुटला कपॅसिटर असेल आणि तो लहान असेल तर खालचा खर्जही जाईल. मधलं घे. आणि डबी अ‍ॅम्पच्या टोकाला नेऊन ठेव, म्हणजे लांब वायर डबीच्या आधी येईल."

मधलं म्हणजे ६.८ किलोओम आणि २.२ किलोओम. हे दोन्ही आकडे कुठल्याही दुकानात सहज मिळतात. ४७ धरून हिशेब केला तर साडेबारा डेसिबल. सीडी प्लेअरला दिसणारा भार नऊ किलोओमच्या जवळ. आणि पाव वॅटचे मेटल फिल्म रेझिस्टन्स एवढे बारीक असतात की वेगळी डबीच नको, आरसीए पिनच्या टोपणातच बसतात.

पुन्हा लॅमिंग्टन रोड, त्याच वयस्क गृहस्थांकडे. प्रत्येकी वीस घेतले, एक टक्कावाले. त्यांनी विचारलं, "लागणार चार, वीस कशाला?" म्हटलं, जुळवून घेतो. ते हसले. घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर तांदूळ निवडावेत तसे रेझिस्टन्स निवडत बसलो, मीटर लावून, २.१९८, २.२०३, २.१९९ असं कागदावर लिहीत. आई म्हणाली, "त्यात खडे असतात का रे?" नंतर हिशेब केला तर न निवडताही, अगदी वाईटात वाईट जोडी पडली असती तरी दोन चॅनलमधला फरक पाव डेसिबलच्या आसपास राहिला असता. जिथे साडेतीन डेसिबल सहन केले तिथे पाव. निवडण्यात गेलेला तास हौशीचा होता.

डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम मात्र हौशीवर निभत नाही. वायरची मधली तार ६.८ ला, ६.८ चं दुसरं टोक पिनच्या मधल्या खांबाला, त्याच खांबापासून २.२ बाहेरच्या अर्थच्या पट्टीला, आणि वायरची जाळी त्याच पट्टीला. एवढंच. पण सगळं मिळून बोटाच्या एका पेरात. पहिल्या पिनमध्ये मी उगाच जास्त वेळ गन धरली, आतलं प्लास्टिक मऊ झालं आणि मधला खांब वाकडा झाला. ती फेकली. दुसरीत डाग सुंदर बसला, टोपण फिरवून लावलं आणि तो चॅनल गप्प. टोपण धातूचं, त्याला रेझिस्टन्सची उघडी तार टेकली होती. मग प्रत्येक उघड्या तारेवर बारीक स्लीव्ह घातली आणि आतून एक कागदाची सुरळी. दोन पिनांना रात्रीचे साडेअकरा वाजले.

लावलं. काहीच फरक नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही, किंचित कमी वाटत होता. बटण पुन्हा आठवर. मी पिना उघडल्या, डाग पाहिले, मीटर लावला, सगळं बरोबर. पाऊण तास डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं, वायर उलटी लावलीये. रेझिस्टन्सवाली टोकं सीडी प्लेअरच्या बाजूला गेली होती. तशी लावली की २.२ थेट प्लेअरच्या तोंडावर येतो आणि ६.८ अ‍ॅम्पच्या ४७ च्या आधी नुसता ओळीत उभा राहतो. घट फक्त एका डेसिबलच्या थोडी वर. दोन्ही टोकं दिसायला सारखीच, दोष कोणाला देणार? आईची तीच नेलपॉलिशची बाटली आणली आणि अ‍ॅम्पच्या बाजूच्या दोन पिनांना लाल बोट लावलं.

(पिना काढता-घालताना अ‍ॅम्प बंद ठेवा. मधला खांब आधी टेकतो, अर्थ नंतर, आणि त्या मधल्या क्षणी स्पीकर जो हंबरतो तो ऐकण्यासारखा नसतो.)

सरळ लावल्यावर पहिली प्रतिक्रिया बाबांची. "जीव गेला रे गाण्यातला." बटण आठवरच होतं. साडेदहावर नेलं आणि मीटरने पूर्वीइतकाच आवाज जुळवला. मग त्यांनी डोळे मिटले आणि काही बोलले नाहीत. हळू आवाज कानाला नेहमीच बेचव लागतो, त्यामुळे आवाज जुळवल्याशिवाय यातलं काहीही ठरवू नये. गायक मध्ये होता. हार्मोनियम आमच्याच घरात होती. आणि तानपुऱ्याचा धूर परत आला होता.

एक फायदा न मागता मिळाला. आधी रेडिओवरून सीडीवर वळलं की छाती धडधडायची, एवढी उडी असायची. आता सीडीचा सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या थोडा खाली आला, जवळपास ट्यूनरइतकाच, आणि उडी गेली. एक गोष्ट मात्र जशीच्या तशी राहिली: स्पीकरला कान लावला तर ऐकू येणारी बारीक सुसू. बटण शून्यावर असतानाही ती येते, म्हणजे ती बटणाच्या पुढच्या भागातली आहे. मागे काहीही लावलं तरी तिला फरक पडायचा नाही. मित्राकडे प्री (आवाजाचं बटण असलेला) आणि पॉवर (स्पीकर चालवणारा) अ‍ॅम्प वेगळे आहेत, त्याने १० डेसिबल त्या दोघांच्या मध्ये लावले, त्याची प्रीमधून येणारी सुसू बरीच घटली. एकाच पेटीत दोन्ही असलेल्या आमच्यासारख्यांना ती सोय नाही.

राहिला तो ठिपका. दुसऱ्या रात्री मी आणि बाबा ऐकत बसलो होतो, बटण साडेदहावर, आवाज नेहमीचा रात्रीचा. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिची नजर अ‍ॅम्पवर गेली आणि ती ओरडलीच, "अरे, केवढा मोठा केलाय! शेजारी काय म्हणतील?"

बाबांनी बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने ते दहावर आणलं.

"हं," आई म्हणाली, "आता बरं वाटतंय."